खानविलकरांच्या गवसण्या

गोल वस्तूसाठी काही शिवायची वेळ माझ्यावर तोवर एकदाच आली होती. गावाकडे, हिंगोलीला, मामीच्या भाकरीच्या टोपल्यात घालायचं फडकं. त्यामुळे भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या माझ्या दुकानात एक उंच गृहस्थ आले, त्यांनी एक काळी चकाकती थाळी माझ्या मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "हिचं माप घ्या, मास्टर," तेव्हा मला ते फडकंच आठवलं.

मास्टर कोण ते बघायला मी आधी मागे वळले. मागे भिंत होती आणि भिंतीला टांगलेले दोन ब्लाऊज.

"तुम्हालाच म्हणतोय. शिवणाऱ्याला मास्टरच म्हणतात ना?"

"बायकांना ताई म्हणतात," मी म्हटलं.

"ताई म्हणजे माझी बहीण. तिला साधं बटण लावता येत नव्हतं. तुम्ही मास्टर."

थाळी कसली आहे हे विचारायचं धाडस मला झालं नाही. नवं दुकान होतं. आठवीत शाळा सुटलेली, लग्न करून पाचशे किलोमीटरवर आलेली बाई होते मी. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तोंडातून निघाले की समोरचा माणूस उठून दुसऱ्या दुकानात जाईल, असं मला सारखं वाटायचं. म्हणून मी मान डोलावली, टेपने आडवं-उभं माप घेतलं आणि दोन दिवसांत छान गोल खोळ शिवली. काठाला नाडी, नाडीला गोंडा.

ते आले. थाळी खोळीत घातली, नाडी ओढली आणि ती मशीनच्या फळीवर उभी केली. ती घरंगळली. त्यांनी ती पकडली, पुन्हा उभी केली. ती पुन्हा निघाली.

"गोल वस्तू उभी राहत नाही, मास्टर," ते म्हणाले. "तिला कोपरे द्यावे लागतात."

मला वाटलं, आता कपडा फुकट गेला म्हणतील, गल्लीत सांगतील. त्यांनी मात्र थाळी काढून कागदात गुंडाळली आणि ती गोल खोळ घडी करून खिशात टाकली. "ही ठेवतो. पोळ्या गरम राहतील." पुढे नेहमीच त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती गोंड्याची खोळ पोळ्यांसकट असायची. पाहुणे विचारायचे, तेव्हा ते सांगत, "आमच्या मास्टरचं पहिलं काम." चूक होती असं त्यांनी एकदाही कुणाला सांगितलं नाही.

खानविलकरकाकांची माझी ओळख झाली ती अशी. ते मागच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. औषधांच्या एका कंपनीत पॅकिंग विभागात जन्म गेला होता, लालबागची खोली विकून भाईंदरला आले होते, बायको वारली होती, मुलगी शलाका लग्न होऊन नाशिकला होती. याहून जास्त त्यांनी स्वतःविषयी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, "माझी स्टोरी वीक आहे, मास्टर. म्युझिक बरं आहे."

म्युझिक खरंच बरं होतं. त्यांच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. सोफ्याच्या जागी भिंतभर फळ्या होत्या. वरच्या फळ्यांवर जुन्या फिल्मच्या डीव्हीडी आणि खालच्या फळ्यांवर त्याच फिल्मच्या मोठ्या काळ्या रेकॉर्ड. मला वाटायचं रेकॉर्ड म्हणजे गाणी. काका म्हणाले, गाणी तर कुणीही जमवतो. मला पाहिजे तो गाण्यांच्या मधला भाग. माणूस जिना चढतो तेव्हा मागे काय वाजतं, कुणी खोटं बोलायला लागलं की कुठलं वाद्य थांबतं, ते. एका फिल्मची डीव्हीडी आणि तिची रेकॉर्ड मिळून होते ती जोडी. नुसती डीव्हीडी मिळाली तर ते तिला 'बिनलग्नाची' म्हणत आणि जोडीदार मिळेपर्यंत वेगळ्या फळीवर बसवत. शेजारच्या ज्योतीबेनचा नातू एकदा म्हणाला, "दादाजी, ये सब तो फोन में मिलता है." काका म्हणाले, "मिलता है बेटा. लेकिन अकेला मिलता है."

फिल्मची नावंही ते घेत नसत. प्रत्येक फिल्मला त्यांनी तिच्यातल्या आवाजावरून नाव ठेवलं होतं. घोडेवाली, रहाटवाली, किल्ल्यांवाली, टाइपरायटरवाली. आणि अशा प्रत्येक जोडीला त्यांना माझ्याकडून कापडाच्या खोळी हव्या होत्या. मी खोळ म्हणायचे, ते गवसणी म्हणायचे. तंबोऱ्याला असते ती. भाईंदरच्या खाडीच्या खाऱ्या हवेत प्लास्टिकच्या पिशवीत रेकॉर्डला घाम येतो आणि मग बुरशी, असं त्यांचं म्हणणं. त्या हवेशी त्यांचं जन्माचं वैर. नव्या चपलेच्या खोक्यात आणि औषधांच्या बाटलीत ओल शोषायची पांढरी पुडी असते ना, ती त्यांना लागायची. साऱ्या बिल्डिंगला हे माहीत होतं. कुणी बूट घेतले की आधी पुडी काकांकडे पोचायची, मग बूट पायात.

कापड मात्र प्रत्येक जोडीला वेगळं. घोडेवालीला जाड कॉर्डरॉय, जहाजाच्या फिल्मला कॅनव्हास, कोर्टाच्या फिल्मला कोटाचं अस्तर, रहाटवालीला खादी. कापडं संपली तेव्हा कोपऱ्यात बटण. शर्टाचं, कोटाचं, लाकडाचं. दुकानात आले की ते कापडाकडे बघायचेच नाहीत. मान थोडी वाकडी करून माझ्या खांद्यापलीकडे बघत राहायचे आणि अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कापड चोळायचे. मला वाटायचं, गिऱ्हाईक चिकट आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण ती आधीच सांगते. काकांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, मधोमध धूर. त्यामुळे ते रस्त्याने नीट चालत, जिना चढत, कुणाला धडकत नसत. पण अक्षर वाचता येत नव्हतं, माणसाचं तोंड ओळखू येत नव्हतं आणि रंग एकमेकांत मिसळून गेले होते. हे थांबणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही, मुलीला तर नाहीच. कारण आई गेली तेव्हाच शलाकाताईंनी त्यांना बजावलं होतं: "तुमचं तुम्हाला जमतंय तोवर राहा तिथे, बाबा. ज्या दिवशी जमेनासं होईल त्या दिवशी मी न्यायला येणार. आणि हा सगळा पसारा माझ्या घरात मावणार नाही, तो कुणालातरी देऊन टाकायचा." म्हणजे डोळ्यांचं कळलं की घर जाणार आणि फळ्याही जाणार. ते कळू द्यायचं नसेल तर आपल्याला बोटांनी सगळं सापडलं पाहिजे म्हणून ते माझ्याकडून वेगवेगळी कापडं शिवून घेत होते. मी मात्र हौस समजत होते आणि नवीन नवीन रंग दाखवत होते. बिचारे म्हणायचे, "छान आहे हो." आणि चोळून बघायचे.

रविवारी चार वाजता त्यांच्याकडे फिल्म असायची. सात-आठ माणसं. ज्योतीबेन, खालचा रिक्षावाला, कधी उत्तनहून पास्कूकाका. पास्कूकाका मच्छीमारी सोडून रेडिओ-टेपची दुरुस्ती करायचे आणि काकांचा रेकॉर्ड प्लेअर त्यांच्याच जिवावर चालायचा. दोघांचं बोलणं म्हणजे भांडण.

"पास्कू, सुई घासतेय."

"सुई न्हाय घासत. तुजा कान घासतंय. म्हातारा झाला तू."

"तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहेस."

"म्हून तर सांगतंय. माला म्हाईत हाय."

नियम असा की आधी दहा मिनिटं रेकॉर्ड ऐकायची, मग फिल्म. आणि फिल्म संपली की काका एकेकाला एकच प्रश्न विचारत: "कुठला आवाज लक्षात राहिला?" फिल्म कशी वाटली, गोष्ट काय होती, हे कधीच नाही. मला पहिल्या रविवारी त्यांनी बोलावलं तेव्हा मी दाराशी चपलांजवळ बसले होते. शिकलेली माणसं बोलतील, आपण गप्प राहायचं, असं ठरवून गेले होते. पण फिरत फिरत प्रश्न माझ्यापर्यंत आला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बांगड्यांचा."

फिल्ममध्ये ती बाई घर सोडून निघते तेव्हा हातातल्या बांगड्या काढून कोनाड्यात ठेवते. पडद्यावर तिचा नुसता चेहरा दिसतो, हात दिसत नाही.

"बरं. काय होतं त्यात?"

"एक कमी वाजली," मी म्हटलं. "आधी स्वयंपाक करताना तिच्या हातात सहा दिसत होत्या. ठेवताना पाचच वाजल्या."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला वाटलं, झालं, काहीतरी खुळ्यासारखं बोललो आपण. काका उठले. फिल्म मागे नेली. आवाज वाढवला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग नुसतं दार.

"एक हातात ठेवली तिने," काका हळू म्हणाले. "चाळीस वर्षं ही फिल्म बघतोय मी. आज कळलं." आणि मग इतरांकडे वळून, "मास्टरला खुर्ची द्या रे."

मला आजवर शाळेत, सासरी, कुठेच कुणी असं काही म्हटलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी रविवारी खुर्चीवर बसायला लागले. मला माहीत नसलेलं मी विचारायलाही लागले, आधी त्यांना आणि मग हळूहळू गिऱ्हाइकांनाही. कुणी उठून दुसऱ्या दुकानात गेलं नाही.

काकांचा आणखी एक नियम म्हणजे डिस्क घराबाहेर द्यायची नाही. कुणी मागितली तर म्हणत, "ती एकटी कुठे जात नाही. मी सोबत येतो." लोकांना ती थट्टा वाटायची. ज्योतीबेनच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना तरुणपणी पाहिलेली एक फिल्म बघायची इच्छा झाली. काका दुपारी डिस्क, प्लेअर, वायरी सगळं पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले आणि पलंगाशी स्टुलावर बसले. अर्ध्यात वीज गेली. ज्योतीबेन म्हणाल्या, "रहने दो भाईसाब, फिर कभी."

म्हातारी म्हणाली, "फिर कभी कब?"

मग काका उरलेली फिल्म तोंडाने करायला बसले. मी ब्लाऊज द्यायला गेले होते, तिथेच उभी राहिले. संवाद तर पाठ होतेच, पण मधले आवाजही. दार कुरकुरतं, तिकडे पाणी पडतंय, आता बघा, सगळं थांबलं, आता नुसती एक सारंगी. टाळूला जीभ लावून टांगा आणला त्यांनी. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. शेवटाच्या जरा आधी वीज आली आणि टीव्ही सुरू झाला, तर ती वैतागून म्हणाली, "बंद करो ने एने!" आणि काकांनी तो बंद केला.

आता ज्या गोष्टीमुळे सगळं उघडं पडलं ती सांगते. ती माझ्याच हातून झाली.

घोडेवालीच्या गवसण्या जुन्या होऊन उसवल्या होत्या. तंबाखूच्या रंगाची जाड कॉर्डरॉय, बोट फिरवलं की नांगरलेल्या रानासारखी. काकांनी नव्या दोन शिवायला सांगितल्या. डीव्हीडीची लहान झाली आणि मोठीला कापड कमी पडलं. दुकानदाराकडचा तागा संपला होता. मी काशीगावपर्यंत फिरले, तशी कॉर्डरॉय मिळाली नाही. शेवटी एका ठिकाणी ड्रिलचं, पँटचं असतं तसलं गुळगुळीत कापड दिसलं आणि मला इतका आनंद झाला! अगदी तोच रंग. मी लहान गवसणी सोबत नेली होती, ती उन्हात धरून दोन्ही कापडं शेजारी ठेवून बघितली. रत्तीचा फरक नाही. आम्हा शिवणाऱ्यांना एवढंच शिकवलेलं असतं. रंग जुळला की काम फत्ते. फॉलचा रंग, दोऱ्याचा रंग, अस्तराचा रंग. मी ड्रिलची शिवून टाकली. कुणाला कळणारही नाही, असं मनाशी म्हटलं.

काका तापाने पडले होते, म्हणून मी स्वतःच घरी जाऊन रेकॉर्ड तिच्यात घातली आणि तिच्या जागी, उजवीकडून चौथी, उभी करून आले. काका पलंगावरून म्हणाले, "झालं का? शाब्बास." आजारी माणसाला कापड कमी पडल्याचं कशाला सांगायचं, असा विचार करून मी गप्प राहिले.

ताप ऐकून शलाकाताई नाशिकहून आल्या. रविवारी काका बरे होते, नेहमीची माणसं जमली होती. मुलगी आलीय म्हणून काका खुशीत होते. म्हणाले, "आज घोडेवाली." आणि रेकॉर्ड काढायला खालच्या फळीशी वाकले.

त्यांची बोटं उजवीकडून सरकली. एक, दोन, तीन, चौथीवर आली आणि पुढे गेली. परत आली, पुन्हा पुढे गेली. मग ते डावीकडून सुरू झाले. मी खुर्चीत बसल्या जागी पाहत होते आणि मला काहीच समजत नव्हतं, कारण गवसणी तर त्यांच्या नाकासमोर होती.

"बाबा," शलाकाताई म्हणाल्या, "समोर तर आहे. ती तपकिरी."

काकांचा हात थांबला.

"तपकिरी," ते म्हणाले. "हो." आणि शेजारची काढली. शेजारची हिरवी होती.

ज्योतीबेन सगळ्यांत आधी उठल्या. "चलो चलो, आज फिल्म नहीं, बेटी आई है," म्हणत त्यांनी माणसांना बाहेर काढलं. पास्कूकाका हलले नाहीत. मीही खुर्चीतच राहिले.

"कधीपासून?" शलाकाताईंनी विचारलं.

"दोन पावसाळे झाले."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते!"

"तेच," काका म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी रडत रडत सगळं सांगितलं. कापड कमी पडलं, तागा संपला, रंग जुळवला, सांगायचं राहिलं. माझ्यामुळे झालं. काकांनी हात पुढे केला. मी ती गवसणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने चोळून बघितली.

"ड्रिल आहे ही."

"हो."

"चांगली आहे. पँट टिकेल हिची." मग मुलीला, "शलाका, रंग जुळलाय का गं?"

"अगदी तोच आहे, बाबा."

"मग मास्टरने तिचं काम बरोबर केलं," काका म्हणाले. "मी तिला माझं काम सांगितलंच नव्हतं."

पास्कूकाका नाक शिंकरून म्हणाले, "माला तरी सांगायचं. मी काय परका हाय?"

"तू उत्तनभर केलं असतंस."

"केला आसता," पास्कूकाकांनी कबूल केलं.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी शलाकाताई स्वतः दुकानात आल्या तेव्हा मी शटरच अर्धं खाली ओढलं. त्या वाकून आत आल्या आणि म्हणाल्या, "वर या जरा. टेप घेऊन या."

जिन्यात त्या थांबल्या. "रात्रभर मला राग येत होता. पहाटे उठून त्या फळ्यांसमोर बसले आणि डोळे मिटून बघितलं. आधी नुसती कापडं लागली. मग एक टोचणारी लागली, निळी, मला न बघता कळलं निळी आहे. माझ्या शाळेच्या पिनाफोरचं कापड आहे ते, हो ना?"

मी हो म्हटलं. काकांनी तो जुना पिनाफोर उसवून दिला होता.

"शाळा बुडवून त्यांनी मला फिल्मला नेलं होतं एकदा. आईला शेवटपर्यंत कळलं नाही." मग त्या एक पायरी वर चढल्या. "मी याला पसारा म्हणत होते. त्याच्याच आधाराने तर ते चालतायत. फळ्यांचं माप घ्या. तशाच्या तशा तिकडे करून घेते. एक बोटसुद्धा इकडचं तिकडे नको."

मी माप घ्यायला लागले. काका फळ्यांकडे पाठ करून बसले होते. टेपचा आवाज त्यांना ऐकू येत होता. थोड्या वेळाने म्हणाले, "मला कुणी विचारणार आहे का?"

"विचारते. येता का?" शलाकाताई म्हणाल्या.

"समजा, नाही म्हटलं."

"मग मी दर रविवारी इथे येणार आणि तुमच्याशी भांडणार. फिल्म राहील बाजूला."

खाली भाजीवाला ओरडून गेला. मग काका म्हणाले, "मास्टर, मधल्या फळीची उंची पाऊण इंच जास्त लिहा. सुतार नेहमी कमी करतात."

निघायच्या आधी मला कॉर्डरॉयची सोय करायची होती. ती पास्कूकाकांनी केली. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी पँट माझ्या मशीनवर टाकली. "ही घे. माज्या लग्नातली हाय. आता पोटावर येत न्हाय, आन् बायकू म्हनते फेक." रंग हिरवट होता. मी रंगाकडे बघितलं नाही. मांडीचा भाग चांगला होता, त्यातून गवसणी झाली. काकांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "पास्कूची पँट. आता घोडे मासळीच्या वासाचे येणार."

खोकी भरायचं काम काकांनी कुणाला करू दिलं नाही. पॅकिंगवाला माणूस. प्रत्येक खोकं भरलं की झाकणावर टिचकी मारून कान लावायचे. पोकळ वाजलं की "कोपऱ्यात जागा आहे," म्हणून कागदाचा बोळा कोंबायला लावायचे. टेम्पो निघाला तेव्हा ज्योतीबेन रडल्या, बिल्डिंगमधल्या लोकांनी साठवलेल्या पुड्या आणून दिल्या. काका टेम्पोवाल्याला सांगत होते, "घाटात सावकाश. आत माणसं आहेत."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं.

मामेभावाच्या लग्नाला गावी जाताना मी मुद्दाम नाशिकला उतरले. रविवार होता, चार वाजून गेले होते. शलाकाताईंनी तोंडावर बोट ठेवून दार उघडलं. हॉलमध्ये दहा-बारा माणसं खाली बसली होती, शाळेतली पोरंही होती. फिल्म सुरू होती. मी ओळखली, टाइपरायटरवाली. मी मागच्या भिंतीशी बसले आणि काकांना शोधायला लागले.

ते टीव्हीच्या शेजारी बसले होते, टीव्हीकडे पाठ करून. खुर्ची आमच्याकडे वळवलेली. शलाकाताई माझ्या कानात म्हणाल्या, "कडेचंही गेलं आता. मग म्हणाले, मी तिकडे तोंड करून काय करू? लोकांकडे करून बसतो."

खूप बारीक झाले होते. पण दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. त्यांच्या मागे फिल्म चालली होती आणि त्यांचं तोंड बसलेल्या माणसांवरून सावकाश फिरत होतं. कोण कुठे हललं, कुणाचा श्वास अडकला, सगळं टिपत असावेत. कारकून टाइप करता करता थांबतो, साहेब दाराशी आलेला त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतो, अशी ती जागा आली. काकांनी गुडघ्यावरचं एक बोट उचललं. मला पुढचं माहीत होतं. मी सगळ्यांच्या आधी हसले.

मग सगळे हसले. काकांचं तोंड माझ्या दिशेने वळलं.

"मागे कोण आलंय?" त्यांनी विचारलं. "ही फिल्म पाहिलेलं कुणीतरी आहे."

पोरं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी नाव सांगायला पुढे सरकले.

"असू दे," काका म्हणाले. "संपल्यावर सांगा. आत्ता पुढची जागा चुकेल."

आणि ते पुन्हा खुर्चीत मागे टेकले, डोकं जरासं कललेलं, बोट गुडघ्यावर तयार. त्यांच्या पाठीमागे कारकुनाने पुन्हा टाइप करायला सुरुवात केली होती, आणि ते आमच्याकडे तोंड करून आम्ही कधी हसतो त्याची वाट बघत होते.